अजिंठ्याचे भवचक्र, तिबेटी चित्रपरंपरा आणि संगणकीय आरेखन : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मीरा-भाईंदर परिसरातील पाली, उत्तन, चौक ही गावे प्रामुख्याने कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची. बौद्ध कलेच्या इतिहासाशी या किनाऱ्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि नकाशा समोर ठेवला तर वेगळे चित्र दिसते. पालीच्या दक्षिणेस गोराई येथे म्यानमारमधील श्वेडगॉनच्या धर्तीवर उभारलेला आणि २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. खाडीपलीकडच्या डोंगररांगेत कान्हेरीची लेणी आहेत. उत्तरेस वसईची खाडी ओलांडली की सोपारा लागते. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून उजेडात आणला. या परिसरात शिकणारा व शिकविणारा माणूस अशा रीतीने बौद्ध कलेच्या अवशेषांमध्येच वावरत असतो, फक्त त्याची जाणीव त्याला नसते.

प्रस्तुत निबंधाचा विषय सुचला तो एका साध्या प्रसंगातून. महाविद्यालयीन महोत्सवासाठी विद्यार्थ्यांनी संगणकावर एक भित्तिपत्रक तयार केले होते. मध्यभागी तिबेटी मंडल होते. काम अतिशय स्वच्छ व रेखीव होते. ते कसे केले असे विचारता विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने सांगितले, की मंडलाचा एक चतुर्थांश भाग तेवढा काढला आणि मध्यबिंदूभोवती तो नव्वद-नव्वद अंशांनी तीनदा फिरविला. वेळही वाचला आणि आकृती तंतोतंत जुळली. आकृती खरोखरच जुळली होती. परंतु चारही दिशांचे रंग एकच झाले होते. तिबेटी मंडलात असे कधी होत नाही. तेथे प्रत्येक दिशेला स्वतःचा रंग असतो. वज्रभैरवासारख्या अनेक मंडलांत पूर्वेस पांढरा, दक्षिणेस पिवळा, पश्चिमेस तांबडा, उत्तरेस हिरवा आणि मध्यभागी निळा. कालचक्र मंडलात हाच क्रम बदलतो : पूर्व काळी, दक्षिण तांबडी, पश्चिम पिवळी, उत्तर पांढरी. पूर्व दिशा बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूस, म्हणजे चित्रात खाली असते. मंडल हा वरून पाहिलेला प्रासादाचा आराखडा असल्यामुळे त्यातील दिशा पुसली गेली, की आराखडा उरत नाही. केवळ नक्षी उरते.

विद्यार्थ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या हातातील साधनच त्याला तसे करावयास सुचवीत होते. मात्र यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. पारंपरिक चित्र संगणकात आणताना आपण नेमके काय आणतो? आणि जेथे मूळ चित्रच खंडित आहे, तेथे रिकामी जागा भरण्याचा अधिकार कशाच्या आधारे घेतो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण फार उपयोगी आहे. ते म्हणजे अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील भवचक्र. हे चित्र ओळखता आले ते तिबेटी परंपरेमुळे. मात्र त्याच परंपरेच्या आधारे ते पूर्ण करावयास गेल्यास ते चुकेल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या दोन विधानांभोवती आहे.

तिबेटी चित्रातील रेषांचे शास्त्र

तिबेटी थांका, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारे कापडावरील चित्र, हे प्रतिभेच्या उत्स्फूर्त आविष्कारातून निर्माण होत नाही. सुती कापड चौकटीवर दोऱ्यांनी ताणून बांधतात, खडू व सरस यांचा लेप देतात आणि तो दगडाने वा शंखाने घोटून गुळगुळीत करतात. त्यानंतर रंगात बुडविलेला दोरा ताणून कापडावर झटकतात आणि पहिली उभी मध्यरेषा उमटवितात. या रेषेचे तिबेटी नाव 'छांगथिग'. त्याचा शब्दशः अर्थ ब्रह्मरेषा असा होतो. आपल्या शिल्पशास्त्रातील ब्रह्मसूत्र ते हेच. या रेषेपासून बाकीच्या रेषांचे जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात देवतेचे मस्तक, स्कंध, नाभी, गुडघे यांची स्थाने ठरतात. बुद्धमूर्तीसाठी मुख्यतः दोन मानपद्धती प्रचलित आहेत. एकीत उंची १२५ अंगुळे, दुसरीत १२०. पहिली कालचक्रतंत्राला अनुसरणारी, दुसरी संवरोदयतंत्राला. रंगकाम संपल्यावर डोळे अगदी शेवटी उघडतात. त्यानंतर चित्राच्या पाठीमागे मस्तक, कंठ व हृदय या स्थानी ओम्, आः, हूं ही तीन अक्षरे लिहून प्राणप्रतिष्ठा करतात. डेव्हिड व जॅनिस जॅक्सन यांच्या १९८४ सालच्या ग्रंथात या प्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आढळते.

आधुनिक ग्राफिक डिझाइनमध्येही रेषांचे जाळे असते. त्याला आपण ग्रिड म्हणतो. स्विस आरेखक योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांचा १९८१ सालचा ग्रिडवरील ग्रंथ जगभरच्या आरेखनशाळांत अभ्यासला गेला आणि पुढे पेजमेकर, कोरलड्रॉ यांसारख्या प्रणालींतून ही चौकटजाळी डीटीपीच्या प्रत्येक दुकानात पोहोचली. त्यामुळे तिबेटी चित्रकार हा जणू संगणकपूर्व काळातील ग्राफिक डिझायनर होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. स्विस ग्रिड हा मजकूर व चित्रे यांची मांडणी सोयीची आणि वाचनीय व्हावी म्हणून असतो. आरेखक तो प्रत्येक कामासाठी नव्याने ठरवू शकतो. तिबेटी जाळे चित्रकाराने ठरविलेले नसते. ते त्याला गुरूकडून व ग्रंथांतून मिळालेले असते. त्यात फरक केला तर चित्र कुरूप ठरेलच, शिवाय ते पूजेस अयोग्यही ठरते.

हे मानशास्त्र तिबेटात गेले ते भारतातूनच. त्याचा एक ठळक पुरावा नग्नजिताच्या नावावर असलेल्या चित्रलक्षण या ग्रंथाचा आहे. त्याची मूळ संस्कृत संहिता लुप्त झाली. ग्रंथ शिल्लक राहिला तो तिबेटी तंजुर संग्रहातील अनुवादाच्या रूपाने. बर्थोल्ड लाउफर यांनी त्याचे जर्मन भाषांतर १९१३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा चित्रकलेवरील एक प्राचीन भारतीय ग्रंथ अभ्यासकांना पुन्हा उपलब्ध झाला. जे आपल्याकडे हरवले ते तिबेटात सापडले, असा हा प्रकार आहे. पुढे भवचक्राच्या बाबतीत हेच घडलेले दिसेल. अर्थात अनुवादातून मिळालेला ग्रंथ हा अनुवादच असतो, हेही येथेच लक्षात ठेवावयास हवे.

महाराष्ट्रातील पूर्वखुणा

तिबेटी कलेत पुढे विकसित झालेल्या काही रूपांची आरंभीची उदाहरणे महाराष्ट्रातील लेण्यांत आढळतात. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. एकादशमुख अवलोकितेश्वराचे असे शिल्प भारतीय लेण्यांत इतरत्र आढळत नाही. तिबेटात मात्र हेच रूप घरोघरी पूजिले गेले, आणि दलाई लामांना याच बोधिसत्त्वाचा अवतार मानले जाते. कान्हेरीहून ते थेट ल्हासाला गेले असा याचा अर्थ नव्हे. मधल्या शतकांत पूर्व भारत, काश्मीर, नेपाळ आणि मध्य आशिया असे अनेक टप्पे होते.

वेरूळच्या बाराव्या लेण्यातील, म्हणजे तीन ताल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातील, काही शिल्पपट याहूनही बोलके आहेत. एका चौरसाचे नऊ समान घरांत विभाजन केलेले आहे. मधल्या घरात बुद्ध आणि भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. जेरी मलांद्रा यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात वेरूळच्या बौद्ध लेण्यांचा विचार मंडल या कल्पनेच्या आधारे केला आहे. या नऊ घरांकडे आजचा आरेखनाचा विद्यार्थी पाहील तर त्याला ते तीन गुणिले तीनचे ग्रिड वाटेल, आणि त्यात चूक काही नाही. परंतु कोणत्या घरात कोणता बोधिसत्त्व हे त्याच्या हातातील चिन्हांवरून ओळखावे लागते आणि ते अदलाबदल करण्याजोगे नाही. येथेही घर म्हणजे स्थान आहे.

भवचक्र : राशिचक्र ते संसारचक्र

अजिंठ्याचे सतरावे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. वाकाटक नृपती हरिषेण याच्या एका मांडलिकाने ते कोरविले असे तेथील शिलालेखावरून कळते. या लेण्याच्या ओवरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर एका प्रचंड चक्राचा काही भाग शिल्लक आहे. आऱ्यांनी पाडलेले कप्पे, त्यांत माणसांची दाटी, घरे, आणि चक्राला विळखा घालणारे हात एवढेच दिसते. बाकी गिलावा गळून गेला आहे. लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडल्यानंतर या चित्राचा अर्थ कोणालाच लागेना. चक्र आहे, कप्पे आहेत, त्याअर्थी राशिचक्र असावे, असा तर्क करण्यात आला आणि सतराव्या लेण्याला 'राशिचक्राचे लेणे' असे नावही पडले.

हा तर्क खोडून काढला तो लॉरेन्स ऑस्टिन वॉडेल या लष्करी डॉक्टरने. दार्जिलिंग भागात नोकरी करीत असताना त्याने तिबेटी भाषा व आचार यांचा अभ्यास केला होता. तिबेटी मठांच्या प्रवेशद्वाराच्या ओवरीत रंगविले जाणारे चक्र त्याने अनेकदा पाहिले होते. हे चक्र एका भयंकर प्राण्याने दातांत व नखांत धरलेले असते. मध्यभागी तीन पशू, भोवती देव, असुर, मनुष्य, तिर्यक्, प्रेत व नरक या गतींचे कप्पे, आणि बाहेरच्या कडेला द्वादश निदानांची बारा चित्रे. अजिंठ्याचे चित्र हे त्याच कुळातील आहे, असे वॉडेलच्या लक्षात आले. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या १८९२ सालच्या नियतकालिकात त्याने भवचक्रावर निबंध लिहिला आणि १८९४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अजिंठ्याच्या चित्राचा तिबेटी परंपरेच्या साहाय्याने अर्थ लावला.

वॉडेलविषयी येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. ज्या परंपरेने त्याला ही किल्ली दिली तिच्याविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. १८९५ सालच्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात तिबेटी बौद्ध धर्म म्हणजे मूळ धर्माचे विकृत रूप, असा सूर सर्वत्र आहे. पुढे १९०३-०४ सालच्या यंगहजबंडच्या सशस्त्र मोहिमेबरोबर तो ल्हासालाही गेला. असे असूनही चित्र वाचण्याच्या कामी त्याने लामांच्या ज्ञानावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास सार्थ ठरला. वसाहतकालीन विद्वत्तेत असे विसंवाद वारंवार आढळतात. त्यांची नोंद घेऊन पुढे जावे हेच योग्य.

तिबेटी चक्र आणि अजिंठ्याचे चक्र यांत एवढे साम्य का, याचे उत्तर विनयग्रंथात आहे. तिबेटी संघ मूलसर्वास्तिवादी विनय पाळतो. त्या विनयात विहाराच्या द्वारकोष्ठकात असे चक्र रंगवावे अशी सूचना बुद्धाच्या तोंडी आहे, आणि तोच वृत्तांत दिव्यावदानातील सहसोद्गताच्या कथेत येतो. महामौद्गल्यायन परलोकातील गतींचे वर्णन लोकांना ऐकवीत असे. तो सर्वत्र पोहोचू शकत नाही, म्हणून चित्र काढावे, असा त्यामागील हेतू. विशेष म्हणजे नुसते चित्र काढून भागत नाही, हेही विनयकारांना ठाऊक होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चित्राचा अर्थ सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी, असे तेथे म्हटले आहे. पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी चित्राबरोबर त्याच्या स्पष्टीकरणाची अशी व्यवस्था लावली गेली होती, ही गोष्ट आजच्या दृश्यमाध्यमांच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

आता ग्रंथ, अजिंठा आणि तिबेट ही तीन रूपे शेजारी ठेवून पाहू. दिव्यावदानात गती पाच सांगितल्या आहेत. तिबेटी चित्रांत त्या बहुधा सहा असतात. असुरांना स्वतंत्र कप्पा मिळालेला असतो, किंवा देवांच्या कप्प्यातच त्यांची सोय केलेली असते. चक्राच्या नाभीत राग, द्वेष व मोह यांची प्रतीके म्हणून ग्रंथाने पारवा, सर्प व वराह सांगितले आहेत. तिबेटी चित्रकार पारव्याच्या जागी कोंबडा काढतात. बारा निदानांतील पहिले निदान अविद्या. तिबेटी चक्रात त्यासाठी काठी टेकीत चालणारा आंधळा माणूस अथवा आंधळी वृद्धा असते. वॉडेलने अजिंठ्यात जे वाचले ते मात्र निराळे आहे : चालकाने ओढून नेलेली आंधळी सांडणी. षडायतनासाठी तिबेटी चित्रात रिकामे घर, तर अजिंठ्यात, पुन्हा वॉडेलच्याच वाचनाप्रमाणे, माणसाचा मुखवटा. संस्कारासाठी कुंभार मात्र दोन्हीकडे आहे.

वॉडेलच्या वाचनानंतर या चित्राचा अभ्यास थांबलेला नाही. डीटर श्लिंगलॉफ व मोनिका झिन यांनी २००७ साली संसारचक्राच्या भारतीय परंपरेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे वॉडेलची प्रत्येक ओळख अंतिम मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे आहे ते एवढेच, की तिबेटी परंपरेने चित्राचा प्रकार अचूक सांगितला. तपशील सांगताना ती स्वतःचे सांगत होती. भिक्षूंच्या पिढ्यानपिढ्यांनी सांडणीच्या जागी आंधळा माणूस आणला. हिमालयातील प्रेक्षकाला सांडणी अपरिचित, म्हणून हा बदल झाला असेल, अशी कल्पना करता येते. परंपरा जिवंत असते म्हणजे ती बदलते. जिवंत परंपरेच्या साहाय्याने मृत चित्र वाचताना हा धोका नेहमीच राहणार.

नकलांचा इतिहास

अजिंठ्याच्या चित्रांची नक्कल करण्याचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे आणि तो बराचसा दुर्दैवी आहे. मेजर रॉबर्ट गिल याची नेमणूक १८४४ साली झाली. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत राहून मोठमोठ्या तैलप्रती केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या या प्रतींपैकी बहुतेक १८६६ सालच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम केले. त्यांपैकी शंभराहून अधिक प्रती १८८५ साली साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत भक्ष्यस्थानी पडल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ साली निघाले. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृतींच्या साहाय्याने प्रती केल्या. निजाम सरकारच्या आश्रयाने गुलाम याझदानी यांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही चित्रकारांसह अजिंठ्यास जाऊन प्रती करविल्या आणि १९३२ साली ग्रंथ काढला. मराठी वाचकाने हे नाव विसरता कामा नये.

या इतिहासातून दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली, नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्राला इजा केली. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वॉर्निश लावण्यात आले आणि ते पुढे काळवंडले. १९२०च्या दशकात निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी गिलावा वाचविला, परंतु त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही कालांतराने पिवळा पडला. तो काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर दीर्घकाळ करावे लागले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक नकलाकाराने आपापल्या काळाची रेषा अजिंठ्यावर चढविली. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रतींत व्हिक्टोरियन छायाप्रकाश दिसतो, तर बंगाली चित्रकारांच्या प्रतींत पुनरुज्जीवनवादी लवचिकता. परंतु या प्रती कॅनव्हासवर किंवा कागदावर होत्या. भिंत वेगळी आणि प्रत वेगळी, याविषयी पाहणाऱ्याच्या मनात संभ्रम नव्हता.

छायाचित्रणाने हा इतिहास बदलला. बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी अत्यल्प प्रकाशात, चित्रांना प्रखर झोताचा त्रास न देता, छायाचित्रे घेतली. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी तर अजिंठ्याच्या छायांकनासाठी व संगणकीय पुनर्स्थापनासाठी आयुष्याचा मोठा काळ वेचला आहे. भिंतीला स्पर्शही न करता गळून गेलेला भाग पडद्यावर पूर्ण करून पाहणे आज शक्य झाले. गिलच्या काळी हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

पडद्यावरील रिकामी जागा

संगणकीय आरेखनाचा पाया १९६३ साली इव्हान सदरलँड यांनी एमआयटीमध्ये सिद्ध केलेल्या स्केचपॅड या प्रणालीत शोधला जातो. तिच्यात दोन कल्पना होत्या. एक, रेषांवर बंधने घालता येत : या दोन रेषा समांतर राहाव्यात, या दोन समान लांबीच्या राहाव्यात, असे संगणकाला सांगता येई. दुसरी, एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडता येत आणि मूळ बदलले की सर्व प्रती बदलत. पहिली कल्पना तिबेटी मानशास्त्राच्या जवळची आहे. दुसरी त्याच्या विरुद्ध जाणारी आहे. आपल्या विद्यार्थ्याने वापरली ती दुसरी.

याच साधनाचा वेगळा उपयोगही झालेला आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संगणक-चित्रण विभागात नामग्याल मठाचे भिक्षू पेमा लोसांग छोग्येन यांनी वज्रभैरव मंडलाचे त्रिमितीय रूप सिद्ध केले. सपाट आराखड्यातील रेषा म्हणजे भिंती, तोरणे, सज्जे. त्यांची उंची किती, कोणता स्तर कोणत्या स्तरावर येतो, हे चित्रात दिसत नाही, परंतु ग्रंथाध्ययन केलेल्या भिक्षूला ठाऊक असते. येथे संगणकाने कोणतीही रिकामी जागा अंदाजाने भरली नाही. परंपरेच्या जाणकाराने जे सांगितले तेच मांडले. भित्तिपत्रकातील मंडल आणि कॉर्नेलचे मंडल यांत प्रणालीचा फरक आहे, हे खरे. परंतु निर्णायक फरक शेजारी बसलेल्या भिक्षूचा आहे.

अजिंठ्यात असा भिक्षू उपलब्ध नाही. द्वारकोष्ठकात अर्थ सांगणारा जो कोणी होता तो नाहीसा होऊन चौदाशे वर्षे होऊन गेली. अशा वेळी भवचक्राची गळालेली नाभी पडद्यावर भरावयाची झाल्यास आरेखकासमोर तीन मार्ग असतात. ग्रंथाप्रमाणे पारवा काढावा. तिबेटी चित्राप्रमाणे कोंबडा काढावा. अथवा काहीच काढू नये. भिंत या बाबतीत मूक आहे. पहिला मार्ग कालदृष्ट्या अधिक समर्थनीय आहे, कारण ग्रंथ अजिंठ्याच्या काळाला व प्रदेशाला जवळचा आहे. परंतु अविद्येच्या सांडणीसारखे एखादे चित्र ग्रंथाशी व तिबेटशी, दोहोंशीही फटकून वागलेले असू शकते. ज्या ठिकाणी चित्र शिल्लक आहे तेथेच ते अनपेक्षित निघाले. मग जेथे शिल्लक नाही तेथे ते अपेक्षेप्रमाणेच होते असे कसे मानावे? उजवीकडच्या कप्प्याचे प्रतिबिंब डावीकडे बसविणे हा चौथा मार्ग संगणकाला सर्वांत सोपा आणि इतिहासाला सर्वांत घातक. भवचक्रात दोन कप्पे एकसारखे असूच शकत नाहीत, कारण प्रत्येक कप्पा म्हणजे निराळी गती.

पुनर्स्थापनशास्त्रात या प्रश्नाचा विचार पूर्वीच झालेला आहे. रोम येथे चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली विसाव्या शतकाच्या मध्याला एक पद्धत रूढ झाली. गळालेल्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरावयाचा. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि भर कोठे घातली आहे ते कळते. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेनेही अंदाजाचा प्रदेश सुरू होतो तेथे पुनर्स्थापनाने थांबावे, अशी भूमिका घेतली. संगणकीय पुनर्रचनांसाठी २००६ साली लंडन सनद तयार झाली, आणि पुनर्रचनेत पुरावा कोणता व तर्क कोणता हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, यावर तिचा भर आहे.

माझ्या मते संगणकाची खरी देणगी येथे आहे, आणि ती चौथाई फिरवून मंडल पूर्ण करण्यात नाही. १९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर, ही सोय आली. भिंतीवरचे मूळ एका थरात, ग्रंथाधारे भरलेला भाग दुसऱ्यात, तिबेटी चित्राधारे भरलेला तिसऱ्यात, निव्वळ तर्क चौथ्यात, असे करता येते. हवा तो थर दाखवावा, हवा तो झाकावा. गिल किंवा ग्रिफिथ्स यांच्या कुंचल्याला हे अशक्य होते. दुर्दैवाने होते असे, की काम संपताच सर्व थर एकत्र करून एकच सपाट चित्र तयार केले जाते आणि तेच पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांत, महाजालावर फिरत राहते. काही वर्षांनी ते चित्र म्हणजेच अजिंठा, असे मानणारी पिढी तयार होते. अलीकडे यंत्रबुद्धीच्या साहाय्याने खंडित चित्रे आपोआप पूर्ण करून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. त्यांनी शिकलेल्या असंख्य चित्रांत तिबेटी भवचक्रे विपुल असणार आणि अजिंठ्याचे एकच. तेव्हा या प्रणाली सांडणीच्या जागी आंधळा माणूस काढतील, असा माझा अंदाज आहे. आणि तो इतका सफाईदार असेल की शंका घ्यावयास जागा उरणार नाही.

तिबेटी परंपरेला दूर ठेवावे असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट ती आपल्या अगदी जवळ आहे. गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. धरमशालेजवळची नोर्बुलिंका संस्था थांका चित्रकारांना रीतसर शिक्षण देते. महाराष्ट्रातील कलाइतिहासाच्या विद्यार्थ्याने वेरूळच्या नऊ घरांचे शिल्प आणि चालू परंपरेतील मंडल यांचा अभ्यास एकत्र करावा, अशी सोय आपल्या अभ्यासक्रमांत आजही क्वचितच आढळते. इतिहास विभाग लेण्यांची कालगणना शिकवितो, माध्यम विभाग फोटोशॉप शिकवितो, आणि दोहोंची गाठ पडते ती महोत्सवाच्या भित्तिपत्रकावर.

त्या भित्तिपत्रकानंतर पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांना एक प्रात्यक्षिक दिले. अजिंठ्याच्या भवचक्राचे उपलब्ध छायाचित्र पहिल्या थरात ठेवावयाचे, त्याला हात लावावयाचा नाही. दिव्यावदानातील वर्णनाचा मराठी सारांश त्यांना दिला आणि एका तिबेटी चक्राचे चित्र दिले. प्रत्येक आधारासाठी स्वतंत्र थर आणि स्वतंत्र रंगछटा वापरावयाची होती. बहुतेकांचे चक्र अपुरेच राहिले. ज्याने पूर्वी मंडलाचा चतुर्थांश तीन वेळा फिरविला होता त्याने नाभीची जागा कोरी ठेवली, आणि त्या थराला नाव दिले 'पारवा की कोंबडा'.